‘दार’ नावाचा प्रोग्रॅम

३ मार्च, सोमवार
आले एकदाची! ताईच्या घरातली मागची खोली मला मिळालीय. खिडकीशी टेबल, आणि त्यावर तिनं आठवणीनं ठेवलेली ही कोरी वही. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालणारी माझी ताई आता जुन्या चित्रफितींच्या संग्रहाची प्रमुख आहे, आणि मला तिथे तिनंच लावून घेतलंय. फिती तळघरातल्या थंड कोठीत असतात. आग लागलीच तर दार आपोआप बंद होतं आणि हवा हटवणारा वायू सुटतो. हा सगळा कारभार कोठीच्याच कोपऱ्यातला एक युनिक्स पद्धतीचा संगणक बघतो. दिवसभर स्वेटर घालून बसायचं. पहारेकरीकाका म्हणाले, उन्हाळ्यात तुमच्याइतकं सुख कुणाला नाही.

५ मार्च, बुधवार
काम किचकट, पण मजेचं. संगणकाला प्रोग्रॅमची नवी बांधणी शिकवायचीय. जुन्या बांधणीचे प्रोग्रॅम त्यांच्या जुन्या सामायिक फायलींशिवाय उठतच नाहीत, म्हणून घाई करून चालत नाही. आधी दोन्ही बांधण्या समजणारा गाभा, म्हणजे संगणकाचा मूळ प्रोग्रॅम, बसवायचा, मग नव्या फायली, मग एकेक प्रोग्रॅम नव्यानं बांधायचा. जुनं पुसायचं ते अगदी शेवटी. माझ्याआधी हे बघणारे मास्तर गेल्या वर्षी इथेच काम करताना हृदयविकारानं गेले. त्यांचं अक्षर इतकं सुरेख, की फ्लॉप्यांवरच्या चिठ्ठ्या बघत बसावं.

१० मार्च, सोमवार
एकच प्रोग्रॅम अडलाय. त्याचं नाव ‘दार’. मास्तरांनी लिहिलेला, मूळ मजकूर कुठेच सापडत नाही, त्यामुळे नव्यानं बांधता येत नाही. त्याच्यापुरत्या जुन्या फायली राहू द्याव्यात, असं ताईला सुचवलं. ती म्हणाली, जुनं काही म्हणजे काही ठेवायचं नाही. दारासाठी नवा प्रोग्रॅम आणलाय. तिचा आवाज चढला. मग तिनंच चहा करून आणला.

१२ मार्च, बुधवार
‘दार’ स्वतःची नोंद ठेवतो, आणि ती फक्त त्यालाच वाचता येते. पुसण्याआधी सहज चालवून पाहिला. मास्तर गेले तो दिवस निघाला. अकरा चाळीस, दार बंद. आत एक माणूस. वायू सोडला. आतून उघडण्याची मागणी. नाकारली. पुन्हा मागणी. अशी सहा वेळा. सहाही वेळा बाहेरून नाकारली, ताईच्या नावानं.
कुणीतरी तिचा पासवर्ड चोरला असणार. दुसरं काय असणार?

१३ मार्च, गुरुवार
ताईला सांगितलं. तिनं उठून खोलीचं दार लावलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, तिलाही संशय होताच. उद्या दुपारी दोघी मिळून पोलिसांकडे जाऊ, तोवर बाबांनाही कळवू नकोस. नोंद मी फ्लॉपीवर उतरवून घेतली होती, ती तिनं ठेवायला मागितली. दिली. किती हलकं वाटलं.
संध्याकाळी निघताना पहारेकरीकाका बोलता बोलता म्हणाले, मास्तर गेले त्याच महिन्यात ते प्रमुख होणार होते. ताई नव्हे.

१४ मार्च, सकाळ
वही सोबत आणलीय. दाराच्या आतल्या बाजूला, मुठीखाली, रंगाच्या थराखाली ओरखडे आहेत. नखांचे. इतके दिवस मला —
ताईचा कोठीतल्या अंतर्गत फोनवर निरोप. जुन्या फायली आत्ताच पुसून टाक, नोंद फ्लॉपीवर आहेच. पण ‘दार’ नसेल तर ती फ्लॉपी वाचणार कोण?
विचारलं नाही. ताई आहे ती माझी. पुसल्या.

साडेअकरा
दार बंद झालंय. आग नाही. धूर नाही. ‘दार’ चालवून पाहिला. ‘ही फाइल चालवता येत नाही.’ कशी येईल, मीच —
नव्या प्रोग्रॅमकडे मागणी केली. नाकारली. बाहेरून.

फोन वाजला. ताई. म्हणाली, “छकुले, तू ते वाचायला नको होतंस.” रडत होती. मी विचारलं, मला इथे बोलावलंसच का? म्हणाली, “परका माणूस बोलला असता गं.”

दुसऱ्यांदा नाकारली. तिसऱ्यांदा —

वायू. फुसफुस. छतातून.

दाराच्या काचेतून ताई दिसतेय. माझ्याकडे पाठ करून —

वही तिच्याच हाती लागेल. हे पान फाडून फितीच्या डब्यात —
बाबा, ती रडतच येईल तुमच्याकडे. तिला जवळ —