झोपलेल्याला उठवायचं नाही

१४ ऑक्टोबर, मंगळवार
दुपार

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. ‘तीर्थरूप’ म्हटलं की तू चिडतोस, म्हणून मुद्दाम लिहिलं. तू आणि वहिनी मजेत असाल. इकडे सगळं बरं आहे. आबांचे गुडघे कुरकुरतात, पण आबा त्यांच्याहून जास्त कुरकुरतात, तेव्हा प्रकृतीची काळजी नको.

दुकानातल्या खिडकीपाशी बसून लिहितेय. यंत्र आत्ताच बंद केलं आणि पिंजलेला कापूस अजून हवेत आहे. तो खाली बसायला किती वेळ घेतो ते तुला सांगायला नको. उन्हाच्या पट्ट्यात तो असा फिरतोय, जणू त्याला कुठे जायचंच नाही. कागद सारखा झटकतेय, तरी एखादा तंतू पाकिटातून तुझ्यापर्यंत येईलच. लहानपणी मी दुकानातून बाहेर आले की डोक्यापासून पायापर्यंत पांढरी व्हायचे आणि तू मला ‘म्हातारी’ म्हणायचास, आठवतं? आता कापूस झटकला तरी केस पांढरेच राहतात. तुझं म्हणणं खरं करून दाखवलं बघ.

फोन का नाही केला, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘सगळं मस्त’ म्हणतोस, मी ‘बरं’ म्हणते, आणि दोघंही ठेवून देतो. पत्रात मधेच ठेवून देता येत नाही.

बातमी अशी, की दुकानाला सरकारी मदत मंजूर झाली. लहान धंद्यांसाठीची योजना आहे ना, तीच. थकलेल्या करावरचा दंड माफ, पुढचा कर थोडा थोडा करून भरायची सवलत, आणि वर यंत्रासाठी अनुदान. आपल्या यंत्राचा पट्टा इतका जुना झाला होता, की तो निसटला की आबा त्याला नावानं हाक मारून परत चढवायचे. त्याला आता नवा पट्टा आणि नवी मोटर येणार.

अर्ज करायचा म्हटल्यावर आबा उखडले. “मी जन्मात कुणापुढे हात पसरला नाही,” म्हणाले. हे वाक्य आपल्या घरात आणखी कोण बोलतं, ते मी लिहीत नाही. मी म्हटलं, “आबा, इतकी वर्षं कर भरलात, तो काय नदीत सोडलात? चांगल्या दिवसांत आपण दिलं, वाईट दिवसांत थोडं परत येतंय. यात हात पसरणं कुठे आलं?” आबा बराच वेळ दाभणात दोरा ओवत बसले. मग म्हणाले, “तू लिही काय लिहायचं ते. मी सही करीन, पण वाचणार नाही.” झालं, एवढ्यावर आमचा तह झाला.

आता गंमत ऐक. अर्ज दिल्यावर तपासणीला माणूस येतो. धंदा खरंच सुरू आहे का, यंत्र चालतं का, हे त्यानं स्वतः पाहायचं आणि तसं लिहून द्यायचं. आमच्याकडे आले ते साहेब अंगानं किडकिडीत, डोळे लाल, हातात फुगलेली पिशवी. आमच्या भागातली त्यांची ती शेवटचीच फेरी होती. मी यंत्र सुरू करून तयारीत उभी. तर आबा म्हणतात कसे, “आधी गादीवर टेका. आम्ही काय बनवतो ते कळल्याशिवाय, कसं बनवतो ते बघून काय करणार?”

साहेब संकोचले, पण खिडकीजवळच्या गादीवर टेकले. मग जरा आडवे झाले, आणि बोलता बोलता झोपले. पिशवी छातीवर तशीच.

आबांनी हात वर केला आणि मी यंत्राचं बटण बंद केलं. विचार नाही की काही नाही. आपल्या दुकानाची रीतच ती, झोपलेल्या गिऱ्हाईकाला उठवायचं नाही आणि यंत्र थांबवायचं. पट्टा फिरायचा थांबला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई, जे यंत्र चालू दाखवायचं, तेच आपण आपल्या हातानं बंद केलं!

मी कुजबुजले, “आबा, उठवते. अनुदान जाईल.”

“जाऊ दे. झोपलाय तो.”

“अहो, पण आज शेवटचा दिवस!”

“शेवटचा दिवस असला म्हणून काय झालं? चेहरा बघ त्याचा.”

मी बघितला. कपाळावरची आठी गेली होती आणि माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता. मग मीही बसले. दादा, ती दुपार मला अजून खरी वाटत नाही. ऊन भिंतीवरून सरकत खोळीच्या निळ्या पट्ट्यांवर आलं आणि तिथेच रेंगाळलं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, पण त्यांचा आवाज कापसात बुडूनच आत येत होता. आबा टाके घालत होते. दोरा कापडातून ओढला जातो तेव्हा होणारा तो बारीक आवाज, तेवढाच काय तो. दुकान जाणार की राहणार, याची धाकधूक मनात होती, पण तीही पेंगत होती.

त्या शांततेत आबा एकदम बोलले. ही रीत कुठून आली, ते. मला वाटायचं आजोबांपासून असेल. तर नाही. तू तान्हा होतास. पोट दुखून रडायचास, कुणाच्या खांद्यावर झोपायचा नाहीस. आई दमून गेली होती. एकदा आबांनी तुला उचलून दुकानात आणलं आणि नुकत्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर ठेवलं, आणि तू झोपलास. आबांनी यंत्र बंद केलं. दारात गिऱ्हाईकं उभी, त्यांना तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. तेव्हापासून ती रीत पडली. आपण तिला धंद्याची रीत समजत होतो, आणि ती होती तुझी झोप.

आबांनी तुझं नाव काढलं नाही बरं का. ‘थोरला’ म्हणाले. पण म्हणाले.

साहेब उठले तेव्हा दिवे लागले होते. एवढे ओशाळले बिचारे! पिशवी चाचपत म्हणाले, “मी यंत्र चालू पाहिलं नाही. आणि न पाहिलेलं लिहिता येत नाही मला.” आबा म्हणाले, “मग नका लिहू.” मला त्या क्षणी आबांना खोळीत घालून शिवून टाकावंसं वाटलं. रात्रभर मी दुकान हातचं गेलं असंच धरून चालले.

सकाळी शटर वर करायला गेले, तर साहेब दारात. कचेरीत जायच्या आधी स्वतःहून आले होते. यंत्र सुरू केलं, ते समोर उभे राहिले, भुवयांवर कापूस बसला तरी हलले नाहीत. सगळं नीट लिहिलं, सही केली. मग चहा घेताना म्हणाले, “फार दिवसांनी झोप लागली हो. रोज बंद शटरांसमोर उभा असतो. ही सवलत अलीकडे बंद पडलेल्यांनाही आहे, पुन्हा सुरू करायला. पण तेच अर्ज करत नाहीत. त्यांना वाटतं, आपलं बुडालं ही आपली लाज. मी त्यांचं दार कुठल्या तोंडानं वाजवू?”

मी कप विसळायला आत गेले आणि तिथेच उभी राहिले.

दादा, मला माहीत आहे.

वहिनीनं सांगितलं. तिला बोलू नकोस, तिनं शपथ मोडली ती रडत मोडली. तुझं स्पंजच्या गाद्यांचं दुकान उन्हाळ्यापासून बंद आहे. रोज सकाळी तू किल्ली घेऊन निघतोस, शटर अर्धं उचलून आत जातोस, परत खाली ओढतोस आणि अंधारात बसून राहतोस. रात्री घरी गॅलरीत बसतोस. झोपत नाहीस. आणि मला फोनवर ‘सगळं मस्त’! दुसऱ्यांना झोपायला गाद्या विकणारा माझा भाऊ जागा राहतो, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

तू हे घर सोडलंस तेव्हा आबा जे बोलले ते मीही ऐकलं होतं. ‘स्पंजावर माणूस झोपत नाही, नुसता पडून राहतो.’ लागलं असेल तुला. लागणारच. तुझं दुकान बंद झालं म्हणून आबांचं खरं ठरलं, असं तुझ्या मनात असेल तर ते आधी काढून टाक. या उन्हाळ्यात कापसाच्या गाद्यासुद्धा कुणी घेत नव्हतं. आम्हीही बुडतच होतो. आम्ही फक्त कागद भरला.

मी आबांना सगळं सांगितलं. रागावू नकोस. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळीवरून नवी खोळ काढली आणि कापूस स्वतः निवडायला बसले. मला हात लावू देत नाहीत. गादी नेहमीच्या मापाहून हातभर लांब आहे. मी विचारलं, “एवढी कुणाला?” तर म्हणाले, “त्याचे पाय बाहेर जातात.” काल एका बाईंनी तीच हवी म्हणून हट्ट धरला, दाम दुप्पट देईन म्हणाल्या. आबांनी त्यांना सरळ उशा दाखवायला सुरुवात केली.

अर्जाची मुदत आता वाढवून या महिनाअखेरीपर्यंत केली आहे. तुझ्या गावातही तीच योजना, तीच कचेरी. दंड माफ होईल, पुन्हा शटर उघडायला हातभार मिळेल. स्पंज विक, कापूस विक, काय वाटेल ते विक. तुझे कागद पिशवीत घाल आणि इकडे ये. अर्ज मी भरीन. तू नुसती सही कर, वाचू नकोस. आपल्या घरात तीच पद्धत आहे.

एवढं लिहून आबांना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, “एक राहिलं. लिही, तो आला की यंत्र बंद ठेवू.” मी म्हटलं, “आबा, किती कामं पडलीत! गिऱ्हाईकं दारात उभी राहतील.”

“राहू देत. तेव्हाही राहिली होती.”

वहिनीलाही घेऊन ये.

तुला हवं तेवढं झोपू देणारी,
तुझी
म्हातारी