मी ओळखलेले डाग

प्रिय सूनबाई,

पत्र फाडू नकोस, आधी आनंदाची बातमी ऐक. आज भिंगरी हसली! आठवड्यानं हसली गं. मी चष्मा उलटा घातला होता, तर म्हणाली, "आजी, तू बावळट आहेस." मी दवाखान्यातल्या अख्ख्या वॉर्डाला कौतुकानं सांगत सुटले. नातीनं अगदी बरोबर ओळखलं. माझी शाळा चौथीतच सुटली, लिहायला वेळ लागतो; पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

तुला माहीतच आहे, लाँड्रीत चाळीस वर्षं काढली. कापड हातात न घेता सांगायचे, हा डाग चहाचा, हा गंजाचा, हा रक्ताचा. मालकसुद्धा मला विचारल्याशिवाय सोडा टाकत नसत. त्याच तोऱ्यात भिंगरीच्या पायांवरचे जांभळे डाग बघितले आणि म्हणाले, हे माराचे. तू रडत म्हणालीस, "आई, मी बोटसुद्धा लावलं नाही." मी म्हटलं, "मग काय भुतानं मारलं?" तुझ्या नवऱ्यानंही माझंच ऐकलं. लेकरू ठेवून घेतलं नि तुला घराबाहेर काढलं.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी डागावर काचेचा ग्लास दाबला. डाग फिका झाला नाही. म्हणजे रक्त नळीबाहेर झिरपलेलं. आधी घसा दुखत होता का, विचारलं. दुखत होता, तूच तिला गुळण्या करायला लावायचीस. त्या दुखण्याशी लढायला अंगानं जे तयार केलं, त्याचेच गोळे होऊन बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकले म्हणे. मग अंग आपल्याच भिंतींवर तुटून पडलं. त्या सुजल्या, गळायला लागल्या. हिलाच असं का झालं, ते त्यांनाही सांगता येत नाही. बहुतेक पोरं आपसूक बरी होतात. कुणाच्या हाताचा त्यात काही संबंध नाही गं.

पायांवरचे डाग आता पुसट झालेत. पण मूत्रपिंडाच्या जाळीतही तेच शिरलंय. लघवी लाल होते, डोळे सुजून बारीक झालेत, औषध लागू पडत नाही. उद्या पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा कण तपासायला काढणार आहेत. पुढचं कुणी बोलत नाही. मी विचारायचं सोडलंय.

तू फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र देऊन तुझ्या नवऱ्याला पाठवलंय. आज हसून झाल्यावर भिंगरीनं मला हळूच विचारलं, "मी वाईट वागले म्हणून आई गेली का?" मी उठून हे पत्र लिहायला बसले. मला माफ करू नकोस. तू आलीस की मी बाहेर जाऊन बसेन. फक्त सुईच्या आधी ये आणि तिला सांग, की आईला आजीनं घराबाहेर काढलं.

तुझीच, पण सासू म्हणवून घ्यायला तोंड न उरलेली,
भिंगरीची आजी