क्रूपा बोलिंगचा बोर्ड

३ मार्च २०२५, सोमवार
बाबांनी लावलेला निऑनचा बोर्ड आज उतरवला. बारा फुटी पिन, बोलिंगमध्ये चेंडूने पाडतात ती बाटलीसारखी, आणि तिच्याकडे थरथरत जाणारा चेंडू. बघून शिसारी यायची. ओहायोतल्या या गावात आमचं बोलिंग सेंटर पन्नास वर्षं तगलं ते या बोर्डामुळे नव्हे, बोर्ड असूनही. नवा डिजिटल गुरुवारी येतोय. मार्नी (बायको) म्हणाली, "आधी परवानगी तर घे." मी म्हटलं, जागा माझी, खांब माझा.
जुना बोर्ड गावाबाहेरचा शेतकरी ऑस्ट्रँडर घेऊन गेला. शेतावरच्या कोठारात गंजके पत्रे गोळा करतो. फुकट दिला. घाण गेली.

६ मार्च, गुरुवार, सायं. ६
चालू केला. काय तेज! फटाके, चीज टाकलेले नाचो, लीगच्या सामन्यांच्या वेळा, सगळं दोन-दोन सेकंदांत. समोरच्या मिसेस प्लोचरनी खिडकीला रजई लावली. जळतात लोक.

१० मार्च
नगर कार्यालयातली ट्रूडी हॅवरकँप उगवली. शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायची, तेव्हाही नियमच सांगायची. उजेड मोजायचं यंत्र धरून बराच वेळ उभी. मग म्हणाली, "एल्डन, मजकूर आठ सेकंद हलता कामा नये. चित्रं नाचवायची नाहीत. अंधार पडला की उजेड आपोआप कमी व्हायला हवा. आणि तुझी जागा घरांना लागून आहे, इथे डिजिटल बोर्ड चालतच नाही."
मग एवढा वेळ उजेड कशाला मोजलास, विचारलं.
"फॉर्मवर रकाना आहे."
बोर्ड बंद. तात्पुरता.

११ मार्च
सवलतीसाठी अर्ज टाकला. वकील नको, स्वतःच बोलणार. रोज एक तास भाषणाचा सराव.

१४ मार्च
सराव नाही. घसा.

१९ मार्च
सह्यांची मोहीम. चार झाल्या. त्यातल्या दोन मेव्हण्यांच्या, ते दुसऱ्या गावात राहतात. बाकी सगळे म्हणतात, जुना बरा होता. मीटलोफ खायचा, लॉन कापायचं, मरायचं. या गावाचा मला वीट आलाय.

२ एप्रिल, बुधवार
सुनावणी. सत्तावीस माणसं आली होती. वाटलं, पाठिंब्याला. मिसेस प्लोचर रजई घेऊन आल्या होत्या.
मी ठणकावून सांगितलं की हा नियम ज्या कुणी आणला, त्याला धंद्यातलं ओ की ठो कळत नाही. ट्रूडीने चष्मा चढवला, २०११च्या नगरसभेचं इतिवृत्त काढलं आणि वाचलं: सूचक, एल्डन क्रूपा.
तेव्हा नाल्यापलीकडच्या पिझ्झावाल्याने टीव्हीसारख्या पडद्याचा बोर्ड लावला होता. दिवसभर त्यावर चीज वितळायचं. मला मळमळायचं. ते प्रकरण वेगळं होतं, तसं मी सांगितलंही. कोणी हसलंसुद्धा नाही.
अर्ज एकमताने नामंजूर.

३ एप्रिल
नवा डाव. घ्या तुमची पिन, जुनाच परत लावतो. ट्रूडीला फोन केला.
ती म्हणाली, "तो नियमाच्या आधीचा होता, म्हणून चालत होता. खांबावर होता तोवरच. काढलास की तो नवा धरतात. नवा म्हटला तर नियमापेक्षा चौपट मोठा, शिवाय हलणारा. नाही जमायचं."
हे आधी का नाही सांगितलंस?
"तीन मार्चला सकाळी फोन केला होता. मार्नी म्हणाली, शिडीवर आहे, खाली उतरत नाही."
मार्नी शेजारीच उभी होती. तिने कॅलेंडरवर तीन मार्चभोवती गोल काढला. यापेक्षा बोलते ती परवडते.

२६ एप्रिल, शनिवार
ऑस्ट्रँडरने पिन कोठाराच्या आत लावलीय. आत लावायला परवानगी लागत नाही. लोक फोटो काढायला जातात. आज आमच्या लीगमधले सात जण तिथे. मी बोर्ड परत मागायला गेलो होतो, आमच्याकडेही आतच लावावा म्हणून.
चेंडू गेला आणि पिन आडवी झाली. मला कळतं तेव्हापासून ती कधी पडली नव्हती. ऑस्ट्रँडर म्हणाला, "एक तार तुटली होती, ती जोडली. तुझ्या बाबांनी पडायलाच बनवलेली ती."
पाच-सहा वेळा बघितलं. मागितला नाही. कोठारात धूळ फार, डोळे चुरचुरत होते.

५ मे, सोमवार
परवानगी आली. दारापुढे खडूची पाटी, दोन बाय तीन फूट, संध्याकाळी आत घ्यायची. मार्नीने लिहिलं, 'चालू आहे.'
दुपारपर्यंत तीन गाड्या थांबल्या. तिन्हींनी विचारलं, ती पिन कुठे गेली? मार्नीने पाटीवर ऑस्ट्रँडरच्या दिशेने बाण काढला.
चार वाजता ट्रूडी. दुसऱ्याच्या जागेची दिशा दाखवायला वेगळी परवानगी लागते.
बाण पुसला. आता तोंडी सांगतो.