विहीणबाईंचे हात

प्रिय विहीणबाई,

प्रभूच्या नावानं तुम्हाला सलाम. अक्षराला हसू नका. शाळेची आणि माझी ओळख होते न होते तोवर घरातल्या धुण्याला हात कमी पडले, आणि मी दप्तर ठेवलं ते ठेवलंच. काना-मात्रा इकडचे तिकडे झाले तर नीट लावून वाचा. तुम्ही बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केलेल्या, डॉक्टरांचं अक्षर लागायचं तुम्हाला, मग माझं का लागू नये?

आधी आनंदाची बातमी. आपली ठकू हसते! झोपेत ओठ हलवते तसं नव्हे, चांगलं तोंडाकडे बघून, हिरड्या दाखवून हसते. मी इस्त्री करता करता तिला सांगत होते की तुझा बाप या वयात तुझ्याहून रडका होता, तर अशी खुदकन हसली की मी इस्त्री तशीच अभ्र्यावर विसरले. अभ्रा गेला कामातून. जाऊ दे, अभ्रे पुष्कळ आहेत. पण पहिलं हसू मला मिळालं, हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुम्ही इथं असता तर तुम्हालाच मिळालं असतं, तेही मला ठाऊक आहे. तरी आता मिळालं ते मिळालं. शेवटी ठकू राहते माझ्या घरात, म्हणजे पहिली आजी मीच, नाही का?

येत्या रविवारी तिचा बाप्तिस्मा. आमच्या मंडळीची रीत तुम्हाला माहीत आहेच. बाळाला पाळकसाहेबांच्या हाती आजीनं द्यायचं, आणि डोकं ओलं झालं की आजीनंच परत घ्यायचं. तुम्ही सुनेला कळवलंत की गुडघे दुखतात, प्रवास झेपायचा नाही. तेव्हा तो मान आता माझ्याकडे आला आहे. बाप्तिस्म्याचा टॉवेल मी धुऊन, घडी घालून ठेवला आहे. तुम्हाला सांगते, आमच्या देवळातलं प्रभुभोजनाच्या टेबलावरचं पांढरं कापड आणि तो टॉवेल मीच धुते, सून घरात यायच्या आधीपासून. एवढ्या बाळांची डोकी माझ्या टॉवेलानं पुसली गेली आणि माझ्या हातात एक बाळ नव्हतं. म्हणजे किती आनंद व्हायला हवा, बघा.

तुम्ही बाळंतपणाला आलात त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. औषधानं जाणारं ते दुखणं नव्हतं. मी ठकूला घेऊन खोलीत येरझारा घालायचे, गाणी म्हणायचे, खुळखुळा वाजवायचे, आणि ती अशी किंचाळायची की वरच्या मजल्यावरचा पोस्टमन खाली येऊन विचारायचा, आजी, सगळं ठीक ना? मग तुम्ही शांतपणे हात पुसत यायच्या, तिला हातावर पालथी घालायच्या, आणि कार्टी गप्प! माझा मुलगा, मीच ज्याला नऊ महिने पोटात वाहिलं, तो मला म्हणायचा, आई, तिला जरा सासूबाईंकडे दे. दे म्हणे! मी काय कपाटातलं भांडं धरून उभी होते? त्यावर आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, त्यांचा हात वेगळाच आहे हो. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या हाताबद्दल हा माणूस कधी चकार शब्द बोलला नाही. आणि खरं सांगू? तुम्ही गेल्यावर मी ती पालथी धरायची युक्ती आधी उशीवर शिकले. मग ठकूवर. उशी रडली नाही, ठकू रडली.

तुम्ही तुमची पिशवी भरून तडकाफडकी निघालात त्याच्या पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी मागे फिरण्यावर उपदेश केला. गोड माणूस, पण नाकाचा शेंडा लाल झाला की समजावं, आज कुणाची धडगत नाही. म्हणाले, देव आधी कानात सांगतो. ऐकलं नाही तर दार वाजवतो. तरीही तुम्ही आतून कडी लावून बसलात तर दोष वाजवणाऱ्याचा नाही. आणि म्हणाले, पश्चात्ताप म्हणजे नुसते डोळे पुसणं नव्हे. चुकीच्या रस्त्यानं गेलात तर तोच रस्ता उलटा चालायचा, आणि जाताना ज्यांना धक्का मारला ते सगळे येताना पुन्हा भेटणार, त्यांच्यासमोर थांबायचं. फार पटलं मला. मी मान वळवून बघत होते की हे कुणाकुणाला लागू पडतं. शिंप्याला पडत होतं, तो कापड चोरतो. पेटी वाजवणाऱ्या बाईला पडत होतं, तिचं तोंड फटकळ आहे. आमच्या ह्यांना कोपरानं ढोसलं, कारण ते घोरायला लागले होते. आणि हो, मनात आलं, विहीणबाईंनी हे ऐकायला हवं होतं, फार मान मिळाला की माणूस चढून जातं. असा माझा कान. दार माझंच वाजत होतं आणि मी खिडकीतून शेजाऱ्यांना ओरडून सांगत होते, अहो, तुमच्याकडे कुणीतरी आलंय!

मग प्रभुभोजन झालं. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे बजावलं की कुणाविरुद्ध काही मनात असेल तर आधी ते मिटवा आणि मग या टेबलाशी या. मी सगळ्यात पुढे. द्राक्षरसाचा छोटा पेला उचलला आणि, विहीणबाई, माझे हात थरथरायला लागले. असे की पेला ओठांपर्यंत पोचलाच नाही. सगळा त्या पांढऱ्या कापडावर सांडला, मीच धुतलेल्या, मीच इस्त्री केलेल्या. पेटीवाली बाई सूर चुकली. पाळकबाईंनी मला हाताला धरून बसवलं. सोमवारी डॉक्टर म्हणाला, नव्या गोळ्यांनी होतं असं, बदलून देतो. दिल्या, आणि थरथर गेलीसुद्धा. पण मी ते गोळ्यांवर ढकलणार नाही. पाय कापले असते, डोळ्यांपुढे अंधारी आली असती, तर ढकललं असतं. नेमके हातच का? कापड मी मीठ लावून, लिंबू चोळून, उन्हात घालून तीनदा धुतलं. पाळकबाई म्हणतात डाग दिसत नाही. मला दिसतो.

आता लिहितेच, हात दुखायला लागला आहे. सुनेनं ज्या संध्याकाळी सांगितलं की ठकूला पाळकसाहेबांच्या हाती माझी आई देईल, कारण ती तिच्याकडे रडत नाही, त्याच रात्री भांडी विसळताना मी तिच्या कानात घातलं की तुमचे हात थरथरतात, अंघोळ घालताना ठकू निसटता निसटता राहिली, मी डोळ्यांनी पाहिलं. मी काही पाहिलं नव्हतं. तुमचे हात आमच्या देवळाच्या खांबासारखे आहेत. पोर घाबरली आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला म्हणाली, आई, तिला उभ्यानं घेऊ नकोस, बसून घे. तुम्ही पिशवी भरलीत. लेकीचाच आपल्या हातांवर भरवसा नाही, हे तुम्ही मनाला लावून घेतलंत, आणि गुडघे पुढे केलेत. काल मी सुनेला सगळं सांगितलं. ती ठकूला पाजत होती. डोळे पुसून म्हणाली, हे मला नको, माझ्या आईला सांगा. आणि फोनवर नको, फोनवर तुम्ही विषय बदलता. म्हणून हा कागद. माझं चुकलं, विहीणबाई. रविवारी या. गुडघे खरंच दुखत असतील तर मुलगा गाडी घेऊन घ्यायला येईल, मी बोलले आहे त्याच्याशी. मंडळीसमोर ठकूला तुम्ही द्या, तुमच्या त्या हातांनी. मी मागे उभी राहीन. टॉवेल मात्र माझ्याकडे, डोकं मी पुसणार. एवढा हेवा अजून शिल्लक आहे, तो तुम्ही सांभाळून घ्या.

तुमचीच, दाराकडे डोळे लावून बसलेली,
ठकूची दुसरी आजी