जास्वंदीच्या अर्जातलं नाव

मंगळवार, संध्याकाळ. मानपाडा.

१. तीन वर्षांपूर्वी मोहने गावच्या कमळाकाकूंनी त्यांच्या अंगणातल्या नव्या केशरी जास्वंदीची फांदी मला दिली.
२. मी नोकरी करते त्या संस्थेच्या नर्सरीत तिची कलमं केली.
३. यंदा वर्तकनगरच्या निम्म्या गॅलऱ्यांत तीच फुलली आहे.
४. वाणाच्या नोंदणी अर्जात मी लिहिलं: मूळ झाड आपोआप उगवलेलं; पैदासकार, म्हणजे वाण तयार करणारी, मी.

चौथ्यातलं काहीच खरं नाही. काकू सकाळी पिवळ्या फुलाचे पराग लाल फुलाला लावायच्या आणि देठाला दोरा बांधायच्या, कुठलं बी धरायचं ते कळावं म्हणून. तो दोरा मी पाहिला होता. आम्ही प्रयोगशाळेत चिठ्ठी बांधतो, एवढाच फरक.

आज काकू नर्सरीत आल्या. कुंड्यांची रांग बघून म्हणाल्या, "काय गो बाय, माझे झाराच्या एवऱ्या पोरी?" मग हळूच, "माझा नाव सांगतेस ना लोकांना?"

मी "हो" म्हणाले. लगेच.

निवड करणं हीसुद्धा पैदासच, असं शिकलेय. मग दोरा का लपवला? अर्जात दोन नावांची जागा होती. बढती एकाच नावावर मिळणार होती, म्हणून?

आत्ता साहेबांना पाठवलं:

"सर, जास्वंदीच्या अर्जात मी खोटी माहिती दिली आहे. हा संकर कमळाकाकूंनी केला. पैदासकार म्हणून त्यांचं नाव घालून माझं काढायचं आहे. दुरुस्ती कधी पाठवायची, ते कृपया शुक्रवारपर्यंत कळवा."