रजा: उद्यापासून

सोमवार, १९ जानेवारी २०२६
आले एकदाची पुण्यात! नारायण पेठेत खोली, ऑफिसपासून सात मिनिटांवर. घरमालकांनी आल्या आल्या बजावलं की पाणी सकाळी सहा ते साडेसात. त्यानंतर अंघोळीची इच्छा झाल्यास आपण खडकवासल्याला जावं. मला हसू आवरेना, ते मात्र हसले नाहीत. आमच्या अमरावतीत निदान चहा तरी विचारला असता.

ऑफिसात सात माणसं. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांना रुग्णांच्या तारखा लावून देतं. डॉक्टर 'एका महिन्याने', 'पुढच्या गुरुवारी' असं लिहितात. त्यातून खरी तारीख काढणारा कोड आता माझ्या ताब्यात. शेजारच्या खुर्चीवर तेजस बसतो. उद्या त्याचा इथला शेवटचा दिवस, असं म्हणाला. माणूस बरा वाटला, त्यामुळे जरा वाईट वाटलं.

शुक्रवार, २३ जानेवारी
काम भलतंच गमतीचं आहे. ३१ जानेवारीत एक महिना मिळवा: संगणकाची एक भाषा ३ मार्च सांगते, दुसरी २८ फेब्रुवारी, तिसरी सरळ हात वर करते. 'उद्या'ची तर आणखीच तऱ्हा. लिहितानाच त्याची तारीख करून ठेवली तर ठीक. पण इथे शब्द तसाच साठवतात आणि तो वाचला जाईल त्या दिवसापासून मोजतात. सोमवारी लिहिलेला 'उद्या' गुरुवारी वाचला की शुक्रवार होतो. हे चुकीचं आहे असं कंपनीच्या मालकांना, गोपाळकृष्ण सरांना सांगितलं. ते म्हणाले, आपण येईपर्यंत कुणाचं अडलं नव्हतं.

तेजस अजून येतोच आहे. रोज तेच, उद्या शेवटचा दिवस. हा पुणेरी विनोद असावा.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
भावाचा, दिग्विजयचा फोन. आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे, १२ तारखेला. फार थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि आई हटून बसलीय: "पोरगी आल्याशिवाय मी नाई जात आत, बाप्पा!" फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. मी जाणारच.

मंगळवार, १० फेब्रुवारी
रजेचा अर्ज भरला. तोही आमच्याच सॉफ्टवेअरवर; त्यात तारखेऐवजी शब्दही चालतात, म्हणून घाईघाईत 'उद्यापासून' असं टाकलं. लगेच मंजूर. बॅग भरली, आईसाठी मऊ सुती गाऊन घेतला.

बुधवार, ११ फेब्रुवारी
अमरावतीची सकाळची बस पकडली. पुण्याबाहेरची वाघोली मागे पडली, डोळा लागला. जाग आली ती ऑफिसच्या खुर्चीत. दहा वाजलेले, बॅग पायाशी. पर्समध्ये तिकीट होतं, त्यावर उद्याची तारीख.

सरांनी विचारलं, उद्यापासून रजा आहे ना, मग चेहरा असा का?

गुरुवार, १२ फेब्रुवारी
पुन्हा बस. डोळे ताणून उघडे ठेवले. वाघोली — आणि खुर्ची.

आई ऑपरेशन थिएटरच्या दारातून परत फिरली. दिग्विजय चिडलाय. नवी तारीख १६.

अर्ज उघडला. 'उद्यापासून' खोडून '१२ फेब्रुवारी' लिहिलं. जतन केलं, पुन्हा उघडलं. 'उद्यापासून'. नऊ वेळा केलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
तेजसची नोंद काढली. शेवटचा दिवस: उद्या. नोंद केल्याचा महिना, मार्च २०१९.

त्याला विचारलं. शांतपणे सांगत होता. साताऱ्याला वडील आजारी, म्हणून राजीनामा दिला होता. कोडही दाखवला: दिलेली तारीख आजची झाली की माणसाला सोडायचं. उद्याची तारीख आजची होतच नाही. पहिली दोन वर्षं घरून फोन यायचे, म्हणाला. ते थांबले की सोपं जातं.

मला ते सोपं व्हायला नको आहे.

रविवार, १५ फेब्रुवारी
ऑफिसला बाहेरून कुलूप. मी आत. तेजसही.

सोमवार, १६ फेब्रुवारी
आज नाही केलं तर पुढे हात लावणार नाही, डॉक्टर म्हणालेत. दिग्विजय रडत होता. आईला फोन द्यायला सांगितलं. सांगायचं होतं की माझी वाट बघू नकोस, मी येऊ शकत नाही. तोंड उघडलं आणि — मी म्हणाले, उद्या येते.

ती किती खूश झाली. म्हणाली, मग उद्याच करू.

तीनदा फोन केला. तीनदा तेच आलं तोंडातून.

मंगळवार, १७ फेब्रुवारी
आईची धाप वाढलीय. ऑक्सिजनवर आहे. मोठ्या डॉक्टरांनी दुपारपर्यंत मुदत वाढवून दिली — आई संमतीपत्रावर सही करत नाही — दाराकडे बघत बसलीय म्हणे.

बोलता येत नाही तर लिहीन. आधी इथे लिहून बघते, मग फोटो काढून दिग्विजयला — हात अजून माझा आहे —

आई, माझी वाट बघू नकोस. सही कर. आत्ता आत जा. मी उद्या ये