पायाळूची कंबर

१३ जून २०२५
भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणं जुनं आहे, पण ऑपरेशन नको. रोज व्यायाम, रोज चालणं. आणि कोणाकडून कंबरेवर लाथ मारून घेत असाल तर ते आधी बंद! मी मान डोलावली. मारून घेणारी नाही, मारणारीच मी — हे कुठे सांगत बसू?

१४ जून
जन्मताना पाय आधी बाहेर आले, यात माझं काय कर्तृत्व? पण पायाळूच्या लाथेने उसण जाते म्हणतात, म्हणून कंबर धरली की अर्धं दिघोरी गाव आमच्या दाराशी पाठ करून उभं. सासूबाई तर दर शनिवारी. सासूला लाथ मारून शाबासकी मिळवणारी सून गावात मी एकटीच!
आता पायाळूचीच कंबर गेली म्हटल्यावर लोक हसतील. हसायची संधीच द्यायची नाही. गेल्या वर्षी धानाच्या रोवणीला बांधावर बसून रोपांच्या नुसत्या पेंढ्या फेकल्या, फार लागलं मनाला. यंदा बांधीत, चिखलात उतरणार म्हणजे उतरणार.

२० जून
कडी लावून व्यायाम. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, कंबर उचलायची. डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी बाहेरून विचारलं, आत काय चाललंय? म्हटलं, जप.

३ जुलै
घागर वाकून नाही, खाली बसून उचलली. कळ आली नाही!

९ जुलै
शकुनबाई लाथ मागायला आली. कळ पार पायात उतरलेली. म्हटलं, आधी दवाखान्यात जा. "मोठी झाली वं तू आता," म्हणत फणकाऱ्याने गेली. जाऊ दे. मी बरोबरच केलं.

१८ जुलै
उतरले! सकाळभर रोवलं. मधेमधे सरळ उभी राहून कंबर मागे ताणत होते. शेजारी रोवणाऱ्या मंदाबाईने विचारलं, हे काय? म्हटलं, सूर्याला नमस्कार. आता थोडं ठणकतंय, पण झोप लागेल इतपतच.

१९ जुलै
शनिवार. सासूबाई चटई घेऊन खोलीत आल्या, माझ्या शेजारी अंथरली, कडी स्वतःच लावली.
"खिडकीतून रोज पाहून राहिली मी. मलेबी शिकव."
मी विचारलं, आणि लाथ?
"तुह्या लातेनं मले कधीच बरं नाही वाटलं वं. तुले वाईट वाटन, म्हणून म्हणत होती."